चेक डॅम काय तपासतो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन गावी गेलो होतो. ओढ्यावर नवा बांध झालाय, तो बघायला आम्ही दोघं चालत निघालो. पाटीवर 'सिमेंट नाला बांध' असं लिहिलेलं होतं, पण गावात त्याला कुणी तसं म्हणत नाही. सगळे म्हणतात चेकडॅम. सांडव्यावरून पाण्याचा पातळ पडदा पडत होता आणि मागे पार आंब्याच्या झाडापर्यंत पाणी तुंबलेलं होतं. भाची आठवीत आहे. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, हा डॅम काय चेक करतो? पाणी चांगलंय का ते?"

"अगं, तपासत नाही, अडवतो. इथे चेक म्हणजे अडवणं."

"मग आमच्या बाई पेपर चेक करतात, तेव्हा काय अडवतात?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर देता येण्यासारखं होतं, पण ओढ्याकाठी दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. त्यामुळे तिच्यासाठी, आणि 'चेक' म्हणजे फक्त 'तपासणे' असं शाळेत शिकलेल्या आपल्या सगळ्यांसाठी, हे सविस्तर लिहितोय.

आधी हा शब्द आपण दिवसभरात कुठे कुठे वापरतो ते बघा. बँकेत चेक भरतो. शर्ट चेक्सचा असतो. डॉक्टरांकडे चेकअप, हॉटेलात चेक-इन, राज्याच्या हद्दीवर चेकनाका. मेकॅनिक नटावर आणखी एक नट आवळतो, त्याला चेकनट म्हणतो. बुद्धिबळाची इंग्रजी कॉमेंट्री लावली तर दर दोन मिनिटांनी चेक. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांबरोबर हॉटेलात जेवायला गेलात आणि त्यांनी वेटरकडे चेक मागितला, तर बिल येतं. कागद, कापड, बांध, नट, तपासणी, बिल. यांचा एकमेकांशी काय संबंध? कोशात हे अर्थ एकाखाली एक आकडे घालून दिलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की ते योगायोगानं एका शब्दात गोळा झालेत. तसं अजिबात नाही. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थातून निघालाय. आणि ज्या मूळ शब्दातून हे सगळं निघालं तो इंग्रज माणसाला कोशात शोधावा लागतो, आपल्याला मात्र तोंडपाठ आहे.

तो शब्द म्हणजे शह.

पटावर समोरच्याच्या राजावर आपलं मोहरं रोखलं की आपण म्हणतो, शह. हा फारसीतला 'शाह', म्हणजे राजा. खेळणारा समोरच्याला सावध करायचा: राजा! तुझा राजा धोक्यात आहे, आता दुसरं काही करू नकोस, आधी त्याला वाचव. एवढीच ती हाक. इंग्रजीतला चेक ही त्याच हाकेची पार युरोपात जाऊन बदललेली प्रत.

खेळ मूळचा आपल्याकडचा, चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास तो इराणात गेला, तिथे त्याचं चतरंग झालं आणि अरबांच्या तोंडी शतरंज. हिंदुस्थानच्या राजानं हा खेळ कोडं म्हणून इराणच्या दरबारात पाठवला आणि तिथल्या शहाण्या मंत्र्यानं ते सोडवलं, अशी एक कथा पहलवी या जुन्या इराणी भाषेत लिहिलेली आहे. कथा म्हणूनच ती घ्यायची, पण प्रवासाची दिशा तिच्यात बरोबर आहे. खेळ इथून गेला आणि राजाला सावध करायची हाक तिथे मिळाली.

शाह या शब्दाचं मूळही बघण्यासारखं आहे. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा, म्हणजे इंग्रजीतल्या डरायसचा, अडीच हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय' म्हणवतो, राजा. हाच शब्द झिजत झिजत शाह झाला. त्यातला 'ख्श' म्हणजे आपल्या क्षत्र आणि क्षत्रिय या शब्दांतला 'क्ष'च. संस्कृत आणि जुनी इराणी या बहिणी, त्यामुळे राज्य करण्याचा धातू दोघींच्या घरात सापडतो. पुढे फारसीतून शाह आपल्याकडे आला तो बादशहा, शहेनशहा, शाही अशा शब्दांतून. अहिल्यानगरच्या शाह शरीफ पिरावरून शहाजी आणि शरीफजी ही नावं ठेवली गेली अशी परंपरा सांगते. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीतही तो आहे, कारण ती फरशी ज्या शहाबाद गावाची, त्या गावाच्या नावाचा अर्थच राजानं वसवलेलं.

हाकेचा उत्तरार्ध म्हणजे मात. 'शाह मात' याचे दोन अर्थ सांगितले जातात. अरबीत 'मात' म्हणजे मेला, फारसीत 'मात' म्हणजे हतबल, गोंधळून थिजलेला. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही. त्याला जायला जागा उरत नाही, एवढंच. इंग्रजीत याचं चेकमेट झालं. आपण संकटावर मात केली म्हणतो, शहाला काटशह दिला म्हणतो, निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत शह-काटशहाच्या राजकारणाचे मथळे येतात. म्हणजे चेकमेटचे दोन्ही तुकडे मराठीत सुटे सुटे, रोजच्या वापरात आहेत.

अरबांकडून खेळ युरोपात पोचला आणि जुन्या फ्रेंचमध्ये शाहचं एशेक झालं. अनेकवचन एशे. इंग्रजांनी एकवचनातून चेक घेतला आणि अनेकवचनातून चेस. म्हणजे चेस या खेळाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'राजे' असा होतो. जर्मन त्याला शाख म्हणतात, इटालियन स्काकी, रशियन शाखमाती. रशियनांनी तर खेळाचं नावच शह-मात ठेवलं. फ्रेंचमध्ये एशेक शब्दाला पुढे आणखी एक अर्थ चिकटला, अपयश. पटावर शह बसलेल्या माणसाचा चेहरा आठवला की तो अर्थ कुठून आला हे सांगावं लागत नाही.

आता खरा सांधा इथे आहे. शह बसल्यावर काय होतं? तुमची सगळी मनसुबेबाजी थांबते. हत्ती पुढे न्यायचा होता, राहिला. वजिरानं मारामारी करायची होती, राहिली. खेळ आहे तिथे अडतो. इंग्रजीत चौदाव्या शतकापासून चेक म्हणजे अचानक अडवणं हा अर्थ पटावरून उतरून व्यवहारात आला. घोड्याचा लगाम खेचला, चेक. राग आवरला, चेक. शत्रूची आगेकूच रोखली, चेक.

चेकडॅम हा त्याच जातीचा. धो-धो वाहून जाणाऱ्या पाण्याला तो शह देतो, म्हणजे त्याचा वेग मोडतो. पाणी थबकतं, जमिनीत मुरतं, माती मागे बसते. चेकनटही तसाच. हादऱ्यांनी पहिला नट सैल होऊ पाहतो, तेव्हा वर आवळलेला दुसरा नट त्याला फिरू देत नाही. पंपाच्या पाइपात बसवतात तो चेक व्हॉल्व्ह पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देतो, उलटं येणारं अडवतो. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडूला बॅट लावून पुढचा झोका तिथेच थांबवतो, त्याला चेक ड्राइव्ह म्हणतात. यांपैकी कशातही तपासणीचा लवलेश नाही. राज्यघटनेच्या पुस्तकात 'चेक्स अँड बॅलन्सेस' येतं, तिथेही संसद, सरकार आणि न्यायालय एकमेकांना अडवू शकतात हाच मुद्दा असतो. राजाला अडवण्यासाठी वापरायचा शब्द मुळात राजालाच उद्देशून होता, हे मला फार आवडतं.

मग तपासणं कुठून आलं? भाचीच्या प्रश्नाचा हा भाग.

गावातल्या बचत गटाचं उदाहरण घ्या. पैशाची नोंद एक बाई ठेवते, पण वहीवर दुसरीचीही सही लागते. दुसरी सही कशासाठी? पहिलीच्या हातून चूक होऊ नये किंवा तिला मनात आलं तरी आकडा बदलता येऊ नये म्हणून. ती सही चुकीला अडवते. ती झाली चेक, म्हणजे आळा. आता आळा घालायचा तर दुसरीला काय करावं लागतं? आकडे ताडून बघावे लागतात. म्हणजे आळा घालण्याचं काम प्रत्यक्षात तपासूनच होतं. हळूहळू लोक त्या तपासण्यालाच चेक म्हणायला लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस हा अर्थ इंग्रजीत रुळला. अडवणं, आळा घालणं, ताडून पाहणं, तपासणं अशी ही उतरण आहे. बाई पेपर चेक करतात तेव्हा त्या चूक पुढे जाऊ देत नाहीत, लाल रेघ मारून तिथेच अडवतात. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला ते लगेच पटलं. चेकनाक्यावर तर दोन्ही अर्थ एकत्र उभे असतात. आडवा बांबू अडवतो आणि हवालदार तपासतो.

बँकेतल्या चेकची गोष्ट जरा लांबची आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत सुरस.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. परगण्यापरगण्याचे शेरीफ राजाचा वसूल गोळा करायचे आणि वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, हिशेब द्यायला हजर व्हायचे. हिशेब व्हायचा एका मोठ्या टेबलावर. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वर मांडलेलं काही घरंगळून पडू नये म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंच कड. त्यावर काळं कापड अंथरलेलं आणि कापडावर पाऊल-पाऊल किंवा वीत-वीत अंतरावर रेघा. या टेबलाचं इतकं बारीक वर्णन आपल्याला मिळतं ते राजा दुसरा हेन्री याच्या खजिनदारामुळे. रिचर्ड फिट्झनील त्याचं नाव. ११७६-७७ साली, थेम्स नदीकाठी खिडकीत बसलेलो असताना एकानं मला या कामाबद्दल लिहायला सांगितलं, अशी सुरुवात करून त्यानं गुरुशिष्यांच्या संवादातून सगळी पद्धत लिहून ठेवली आहे.

अंकांचे रोमन आकडे, त्यांत शून्य नाही, आणि बऱ्याच शेरीफांना लिहिता-वाचता येत नाही. मग मोठ्या रकमांची वजाबाकी कशी करायची? टेबलावरच्या रकान्यांत. एक रकाना पेनींचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, एक विसांचा, एक शेकड्यांचा, एक हजारांचा. समजा शेरीफाकडून ३४७ पौंड यायचे आहेत. वरच्या ओळीत शेकड्याच्या घरात तीन सोंगट्या, विसाच्या घरात दोन, पौंडाच्या घरात सात. त्यानं भरले २८५. त्याच घरांत खालच्या ओळीला दोन, चार, पाच. आता वरची आणि खालची एकेक सोंगटी जोडीनं उचलायची. पौंडांत दोन उरल्या. विसांत वर दोनच आहेत आणि खाली चार, मग शेकड्यातली एक मोडून तिच्या पाच विसा करायच्या, वर झाल्या सात, उरल्या तीन. शेकडे संपले. बाकी तीन विसा दोन, म्हणजे बासष्ट पौंड. अक्षरशत्रू शेरीफालाही आपण किती देणं लागतो ते डोळ्यांनी दिसायचं. आपल्या आज्या विसांवर हिशेब करायच्या, त्यांना हे टेबल एका दिवसात जमलं असतं.

चौकटीचौकटींचं कापड आणि त्यावर सरकणाऱ्या सोंगट्या, हे दृश्य कशासारखं दिसतं? बुद्धिबळाच्या पटासारखं. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये म्हणायचे एशेकिए. त्यावरून त्या टेबलाला, मग तिथे बसणाऱ्या कचेरीला आणि शेवटी राजाच्या अख्ख्या खजिन्याला नाव पडलं एक्सचेकर. फिट्झनीलच्या संवादात शिष्य विचारतो, या नावाचं कारण काय? गुरू सांगतो, रूप पटासारखं म्हणून. आणि पुढे म्हणतो, की पटावर दोन राजे लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची लढाई चालते. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो, म्हणजे नावापुरता तो अजून त्या पटाशी बसलेला आहे. याच खात्यात पावत्या म्हणून लाकडी काठ्यांवर खाचा पाडायची पद्धत होती. त्या निरुपयोगी झालेल्या काठ्यांचा ढीग भट्टीत जाळताना १६ ऑक्टोबर १८३४ रोजी आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना पार्लमेंट वाडा बहुतेक सगळा जळाला.

आता चेकचा कागद. अमुकला इतके पैसे द्यावेत, अशी सावकाराला लिहिलेली चिठ्ठी इंग्लंडात सतराव्या शतकात चालू झाली होती. १६५९ ची तारीख असलेली ४०० पौंडांची अशी एक चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे. पण तिला तेव्हा चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक हे नाव होतं स्थळप्रतीला, म्हणजे सरकारी रोख्याचा जो तुकडा फाडून कचेरीत ठेवत त्याला. रोखा परत आला की तुकड्याला तुकडा लावून बघायचा. कडा जुळल्या तर खरा, नाहीतर बनावट. तो तुकडा लबाडीला आळा घालायचा, म्हणून चेक. पुढे स्थळप्रत असलेल्या आख्ख्या कागदालाच चेक म्हणायला लागले. चेकबुकात डाव्या हाताला रक्कम टिपून ठेवायची जी अरुंद पट्टी असायची, ती या शब्दाची खरी मालकीण. बिचारीकडे आता कुणी बघत नाही.

सुरुवातीला याचं स्पेलिंगही सी-एच-ई-सी-के असंच होतं. मग एक्सचेकरच्या रुबाबाकडे बघून क्यू-यू-ई लावलेलं रूप आलं. जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरनं १८२८ साली बँकिंगवरच्या आपल्या ग्रंथात ते मुद्दाम वापरलं, कारण त्यामुळे 'तपासणे'वाल्या चेकशी घोळ होत नाही. ब्रिटननं ते उचललं, चेक-हुंड्यांबद्दलच्या आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात तेच आलं, आणि अमेरिकेनं जुनंच ठेवलं. मराठीत या कागदासाठी धनादेश हा शब्द सरकारी पत्रांत दिसतो, बोलताना आपण चेकच म्हणतो. पण चेक वटला, वटला नाही, यातलं 'वटणं' मात्र हुंडीच्या काळापासूनचं. कागद साहेबाचा आला, क्रियापद पेठेतलंच राहिलं.

चेक्सच्या शर्टाचं फार सांगायला नको. पटासारख्या चौकटी म्हणून चेकर्ड, त्याचं आखूड रूप चेक. गंमत अशी की पोर्तुगीजांनी खेळाचं नाव अरबांच्या शतरंजवरून घेतलं, शद्रेश. म्हणजे त्यांचा शब्द राजावरून आला नाही, थेट आपल्या चतुरंगातून गेला. तरी त्यांच्याकडेही शद्रेश म्हणजे बुद्धिबळ आणि शद्रेश म्हणजे चौकटीचं कापड. गोव्यात ज्या घरांत जुनी मंडळी अजून पोर्तुगीज बोलतात, तिथे हे दोन्ही अर्थ ठाऊक असतील. दोन वेगळे शब्द वेगळ्या वाटांनी निघाले आणि एकाच कापडावर येऊन थांबले.

सारखा दिसणारा प्रत्येक शब्द मात्र या घराण्यातला धरू नका. चेक प्रजासत्ताकातल्या चेकचा याच्याशी काही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव लोकांचं स्वतःचं नाव आहे आणि देवनागरीत उतरल्यामुळे आपल्याला सारखं दिसतं. अरबीत 'सक्क' नावाचा पैसे देण्याचा लेखी आदेश मध्ययुगात चालायचा, त्यावरून बँकेचा चेक आला असंही ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. सक्क खरा आहे आणि त्याचं कामही तसंच होतं. पण इंग्रजीतला चेक स्थळप्रतीपासून कागदापर्यंत कसा सरकला हे टप्प्याटप्प्यानं लेखी दिसतं, आणि त्या वाटेवर सक्क कुठे भेटत नाही. आवाज जुळला म्हणून मूळ जुळत नाही.

राहिला वापर. देवनागरीत दोन्ही स्पेलिंगांचा एकच चेक होतो, त्यामुळे ऑफिसात 'क्रॉस चेक कर' म्हटलं तर नवखा मुलगा विचारात पडतो, की रक्कम पुन्हा ताडून बघायची की चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारायच्या. इंग्रजी वाचताना खरी फसगत होते ती अडवणे आणि तपासणे यांच्यात. लसीकरणानं देवीच्या रोगाचा प्रसार चेक केला, हे वाक्य मी 'प्रसार तपासला' असं भाषांतर केलेलं पाहिलं आहे. माझा साधा उपाय असा: जे चेक होतंय ते वाढणारं, पसरणारं, धावणारं असेल, म्हणजे पाणी, आग, राग, रोग, महागाई, तर आधी 'अडवणे' लावून बघा. ते जागेवर असलेलं काही असेल, म्हणजे कागद, टायर, वजन, पत्ता, तर 'तपासणे'.

त्या रात्री भाचीला दोन वाक्यं दिली. डॉक्टर चेक्ड द वूंड. डॉक्टर चेक्ड द ब्लीडिंग. तिनं वहीत लिहिलं, 'डॉक्टरांनी जखम तपासली', 'डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला'. मग तिसरं तिनं स्वतःच काढलं: डॉक्टर चेक्ड द फीवर. पेन्सिल गालाला लावून ती बराच वेळ बसली. ताप मोजलाही असेल, उतरवलाही असेल. "मामा," ती म्हणाली, "पुढचं वाक्य दे, त्याशिवाय नाही सांगता येणार."